वीस मीटरच्या आत

अपंग भत्त्याच्या तपासणीची बाई घरी येणार होती त्या दिवशी माझ्या भावाने, नेव्हिलने, सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि टाय बांधला. ग्रिम्सबीच्या गोदीवर चाळीस वर्षं मासळी साफ केलेल्या माणसाकडे टाय एकच असतो, लग्नांचा आणि मयतींचा. तो त्याने बांधला. बाईने घंटा वाजवली तेव्हा भिंतीला हात लावत जाऊन दार त्यानेच उघडलं. तिला खुर्ची दिली. चहा केला आणि दोन कप एकेक करून, दोन खेपांत, बाहेर आणले.

सहा आठवड्यांनी तिचा अहवाल आला. त्यात असं होतं: पोशाख नीटनेटका, दाढी केलेली. दार स्वतः उघडले. स्वयंपाकघरातून दोनदा चालत जाऊन चहा आणला. न थांबता पन्नास मीटरहून अधिक अंतर चालू शकतो असे मत.

मी त्याला विचारलं की आजारी माणसाची तपासणी करायला आलेल्या बाईला चहा कशाला करून दिलास.

"घरात आली होती ती," नेव्हिल म्हणाला. "तिला कोरडी बसवून ठेवू?"

बाईने त्याला विचारलं होतं, तुम्ही कुठपर्यंत चालत जाता? तो म्हणाला होता, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो की. ते खोटं नव्हतं. दुकानापर्यंत तो गेला होता, तीन वर्षांपूर्वी, आणि परत यायला त्याला पाऊण तास लागला होता. पाऊण तासाचं तिने विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही.

अहवालावरून त्याचा अपंग भत्ता वरच्या पायरीवरून खाली आला. वरची पायरी मिळते ती वीस मीटरच्या आत ज्याचे पाय थांबतात त्याला. आणि वरच्या पायरीवर असलेल्यालाच अपंगांसाठीच्या सरकारी योजनेतली गाडी मिळते. नेव्हिलची गाडी तीच होती. पायरी गेली की गाडी परत. अपील केलं तर काही महिने ठेवता येईल, असं पत्रात होतं.

गाडी गेली तर एव्हरिलला कोण जेवू घालणार, एवढाच प्रश्न होता. एव्हरिल त्याची बायको. चार वर्षांपूर्वी तिला झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून ती हॅगथॉर्पच्या शुश्रूषागृहात आहे. इथून चौदा मैल. तिकडे जाणारी बस साथीच्या वर्षी बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही. नेव्हिल रोज साडेबाराला तिथे पोचायचा. बाजूच्या दाराजवळची जागा ते लोक त्याच्यासाठी मोकळी ठेवायचे, आणि दारातून आत शिरलं की पहिली खोली एव्हरिलची. नऊ मीटर. तो तिला चमच्याने भरवायचा. दुसऱ्या कुणाच्या चमच्याला ती तोंड उघडत नसे. उघडलंच तर दोन घासांनंतर मिटून घ्यायची. मुलंबाळं नाहीत. मी मोतीबिंदूपेक्षा वाईट काहीतरी डोळ्यांत घेऊन बसले आहे, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. गाडीचा परवाना मी दोन वर्षांपूर्वीच परत केला.

मी एकतीस वर्षं इथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं. कागद कसे वाचायचे हे मला येतं, असं मला वाटत होतं.

दर बुधवारी ग्रंथालयात मॉयरा नावाची एक स्कॉटिश बाई बसते. सरकारी अर्जांत अडकलेल्यांना ती फुकट सल्ला देते. तिने अहवाल वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाली की टाय बांधलेले निम्मे लोक तपासणीत असेच नापास होतात, तिच्या हातात असतं तर तिने शहरातले सगळे टाय जप्त केले असते. मग तिने डॉक्टरांचं पत्र आणायला सांगितलं.

डॉक्टर तरुण होता, त्या दवाखान्यातला चार वर्षांतला सहावा. नेव्हिलला त्याने एकदाच पाहिलं होतं. पत्र दोन ओळींचं निघालं. मधुमेह आहे, पायांच्या नसांना इजा आहे, रुग्ण आपलं आपण चांगलं सांभाळतो. शेवटच्या वाक्यावर मॉयराने बोट ठेवलं. आजाराचं नाव कुणी विचारत नाही, ती म्हणाली, माणसाला काय जमत नाही ते विचारतात. हे पत्र समोरच्या बाजूचं आहे, आपल्या नाही. तुम्ही दवाखान्यातल्या सगळ्या जुन्या नोंदी मागवा.

नोंदी त्रेचाळीस पानं भरल्या. मी त्या एकेका ओळीखाली पट्टी धरून वाचल्या, भिंगाने, तीन दिवस. नऊ वर्षांत नेव्हिल एकोणचाळीस वेळा दवाखान्यात गेला होता आणि त्यातल्या सव्वीस भेटींत एकच शेरा होता: तक्रार नाही. पायाला जखम होऊन ती पिकली होती, तेव्हाही. एव्हरिलला झटका आला त्यानंतर आठ दिवसांनी रक्तदाब बघायला गेला, तेव्हाही. आमच्याकडे कुणी कसं काय विचारलं की ठीक म्हणायचं असतं. आमचे वडील बोटीवर दोन बोटं गमावून आले तेव्हा दारातच म्हणाले होते, ठीक आहे, चहा टाक. ते आम्हाला मोठेपण वाटायचं. पण दवाखान्यातल्या माणसांनी ते ऐकलं आणि तसंच टिपून ठेवलं. माझ्या भावाचा आजार सव्वीस वेळा त्याच्याच तोंडाने खोडून टाकलेला होता.

एकतिसाव्या पानावर मात्र एक ओळ सापडली. परिचारिकेने दोन वर्षांपूर्वी त्याचे तळवे तपासले होते. नायलॉनचा जाड दोरा तळव्याला दहा ठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारतात, कळलं का. निष्कर्ष: उजवा पाय, दहापैकी शून्य. डावा पाय, दहापैकी शून्य.

हे नेव्हिलचं बोलणं नव्हतं. मोजमाप होतं. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. प्रयोगशाळेत खूप वेळ शोधून एखादा आकडा हाती लागला की व्हायचा तसा आनंद. त्या शून्याला मी एकच प्रश्न विचारला, माझ्या कामाचा. बाकीचे विचारले नाहीत.

मॉयराला ती ओळ आवडली, पण दोन वर्षं जुनी आहे, आजचं काहीतरी हवं, असं ती म्हणाली. जवळच्या माणसाने स्वतः पाहिलेलं लिहून दिलं तर ते पुरावा म्हणून चालतं. मात्र फार चालवत नाही, खूप त्रास होतो, असं लिहायचं नाही. किती मीटर, किती वेळ, किती वेळा थांबला, मग काय झालं.

असं काम मला येत होतं. ऑक्टोबरात मी सहा सकाळी नेव्हिलच्या घरी गेले. दारापासून टेप लावून दर मीटरला रस्त्याकडेच्या फरशीवर खडूने रेघ ओढली आणि घड्याळ घेऊन उभी राहिले.

"रेघा कमी मार," नेव्हिल म्हणाला. "लोकांना वाटेल इथे खून झालाय."

शेजारच्या बाईने पडदा सरकवून पाहिलं तेव्हा त्याने तिला हात केला. मी त्याला म्हटलं की हात करू नकोस, तोल जातो आणि मोजणी बिघडते. तेव्हापासून तो मला प्रयोगशाळेतली बाई म्हणू लागला. प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारा मी थांबू का. प्रयोगशाळेतल्या बाई, उंदराला आज पाव मिळेल का.

सातव्या मीटरला तो पहिल्यांदा थांबायचा आणि कुंपणाची भिंत धरायचा. तेराव्याला दुसऱ्यांदा. अठराच्या पुढे सहा दिवसांत एकदाही गेला नाही. अठरा मीटरला सरासरी चार मिनिटं दहा सेकंद. चौथ्या दिवशी पडला. गुडघा फुटला. मी आधी घड्याळ थांबवलं आणि मग त्याला उठवायला गेले. नेव्हिलने ते पाहिलं.

निवेदनात मी हे सगळं लिहिलं. जिन्याचंही लिहिलं, की तो हातांवर आणि गुडघ्यांवर चढतो. खाली आरामखुर्चीत झोपतो हे लिहिलं. खुर्चीशेजारच्या बादलीचं लिहिलं. आणि हेही लिहिलं: पाय जमिनीवर टेकला की नाही हे त्याला कळत नाही, डोळ्यांनी पाहावं लागतं. नजर खाली नसेल तर पाय कुठे आहे हे तो सांगू शकत नाही. मी त्याला डोळे मिटायला सांगून पाच वेळा विचारलं, पाचही वेळा चुकला.

मॉयराने हे वाक्य दोनदा वाचलं. वीस वर्षांत असं निवेदन पाहिलं नाही, म्हणाली.

अपिलाचे सगळे कागद एकत्र बांधून दोन्ही बाजूंना पाठवतात. हे मला ठाऊक होतं, पण दोन्ही बाजूंपैकी एक बाजू म्हणजे नेव्हिल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकशे बारा पानांचं पाकीट त्याच्या दारात पडलं. त्याने ते सगळं वाचलं. मग मला फोन केला.

"आमच्या हेझलने मला पार उघडंच केलंय," तो म्हणाला.

मी म्हटलं की दुसरा मार्ग नव्हता.

"एव्हरिलला दाखवतात का हे?"

नाही, मी म्हटलं. तिला कुणी दाखवणार नाही.

"मग ठीक आहे."

सुनावणी जानेवारीत झाली. मॉयराच्या हुकमाप्रमाणे नेव्हिल टाय न घालता आला. लांब टेबलामागे तिघं होती. मध्ये न्यायाधीश, एका बाजूला चाकाच्या खुर्चीतला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला एक वयस्कर डॉक्टरीणबाई. तिच्यासमोरच्या गठ्ठ्यात ठिकठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. म्हणजे तिने वाचलं होतं. मला बरं वाटलं.

न्यायाधीशांनी विचारलं की चालणं कसं आहे. नेव्हिल म्हणाला, तसं ठीकच आहे. मी त्याच्याकडे पाहिलं. मॉयराने पाहिलं. मग टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत तो बोलला. एवढं तो कुणापुढे बोललेला मी कधी ऐकलं नव्हतं.

"नाही चालता येत. पायाखाली काही नसतंच. लोक म्हणतात कापसावर चालल्यासारखं वाटत असेल. तसं नाही. कापूस कळला असता."

डॉक्टरीणबाईंनी त्याला पायांविषयी विचारलं. आवाज मऊ होता. शून्य कधीपासून, जखमा किती झाल्या, रात्री आग होते का. मग त्यांनी माझ्या निवेदनाचं पान काढलं आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. नजर खाली नसेल तर पाय कुठे आहे हे तो सांगू शकत नाही.

"हे खरं आहे?"

"आमची हेझल प्रयोगशाळेत होती," नेव्हिल म्हणाला. "तिचं चुकत नाही."

"तुम्ही रोज गाडी चालवता."

"हो. बायकोकडे जातो."

"पायाने चालवायची साधी गाडी?"

"हो."

बाईंनी ते पान खाली ठेवलं. "मग ब्रेकवर पाय आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

मला तेव्हा कळलं. तोपर्यंत कळलं नव्हतं हे मी आजही कुणाला पटवून देऊ शकणार नाही. दर रविवारी मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून हॅगथॉर्पला जात होते.

"सवय आहे," नेव्हिल म्हणाला.

"आणि सवय चुकली तर?"

तो माझ्याकडे वळला. रागाने नाही. लहानपणी शाळेत उत्तर आलं नाही की वळायचा तसा.

"मग खाली बघतो," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी घसा साफ केला आणि म्हटलं की हा आज आपल्यासमोरचा प्रश्न नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नाही, मान्य आहे. पण ऐकल्यानंतर गप्प बसता येत नाही. पायांची संवेदना गेली असेल तर परवाना कार्यालयाला स्वतःहून कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत गाडी चालवू नये. त्यांनी चिठ्ठी लावलेलं आणखी एक पान उघडलं. त्या दोरा टेकवणाऱ्या परिचारिकेने त्याच दिवशी हेही विचारलं होतं. वाहन चालवण्याबाबत विचारले. तक्रार नाही. सव्वीसपैकी ती एक होती. मी तिची मोजणी केली होती.

वीस मिनिटं आम्ही बाहेर थांबलो. मग आत बोलावून त्यांनी सांगितलं की अपील मान्य आहे, अंतर वीस मीटरच्या आत, वरची पायरी, पाच वर्षांसाठी. नेव्हिलने तिघांचे आभार मानले, प्रत्येकाचे वेगळे. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्याने त्यांचाही हात हातात घेतला आणि म्हणाला की तुम्ही बरोबर केलंत.

खाली गाडी उभी होती. जिंकलेली. नेव्हिलने चावी मॉयराच्या हातात दिली. ती बसने आली होती. तिने आम्हाला घरी आणलं आणि वाटेत सांगत राहिली की हातांनी ब्रेक दाबायची सोय गाडीला बसवून मिळते, पुष्कळ जण तशी चालवतात, फक्त आधी परवाना कार्यालयाचा निकाल, मग चाचणी, मग शिकणं. नेव्हिलने विचारलं, किती दिवस. तिने खरं सांगितलं, सहा महिने, कदाचित आठ. एव्हरिलचं वजन त्या आठवड्यात एक्केचाळीस किलो होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी परवाना कार्यालयाचा अर्ज भरत बसला होता. मोठ्या अक्षरांत, शांतपणे. आणि मी त्याला म्हटलं की हा आजच पाठवायला हवा असं नाही. मी म्हटलं की दवाखान्यातून कुणी विचारेपर्यंत वेळ आहे, दोन वर्षं काही झालं नाही, सावकाश चालवलंस तर. एकतीस वर्षांत मी एकही आकडा बदलला नव्हता. त्या सकाळी मी ते म्हटलं.

नेव्हिलने पेन खाली ठेवलं.

"हॅगथॉर्पच्या वाटेवर शाळा आहे, हेझल."

मला माहीत होती.

"नोव्हेंबरात एकदा खाली बघितलं. पाय कुठल्या पेडलवर आहे ते दिसेना, बूट काळा, चटई काळी. वर बघतो तर समोर बाबागाडी घेऊन एक पोरगी रस्ता ओलांडतेय. थांबलो. कसा थांबलो ते ठाऊक नाही. तिला वाटलं मी तिच्यासाठीच थांबलो. तिने हात केला." त्याने पेन पुन्हा उचललं. "मीही केला."

त्याने सही केली. मी ते पाकीट पेटीत टाकून आले.

आता बुधवारी आणि रविवारी आम्ही टॅक्सीने जातो. एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार चर्चमधला एक निवृत्त मास्तर नेतो. उरलेल्या दिवशी साडेबाराला नेव्हिल फोन लावतो. तिथे बिन्सी नावाची केरळची मुलगी आहे, चोवीस वर्षांची. ती फोन एव्हरिलच्या उशीवर ठेवते आणि चमचा हातात घेते. नेव्हिल त्याचा फोन टेबलावर ठेवतो, आवाज मोठा करतो आणि हात मांडीवर घेऊन बसतो.

काल मी नेव्हिलकडे होते. तो तिला सांगत होता की डाव्या गालाकडून दे, समोरून नको, चमचा ओठाला नुसता लाव, ती स्वतः उघडेल. बिन्सी हं हं म्हणत होती. मग तिकडून काही ऐकू येईना.

"उघडलं?"

"नाही, अंकल. त्या दाराकडे बघतायत."

नेव्हिल फोनकडे वाकला.

"एव्हरिल," तो म्हणाला. "गाडी दुरुस्तीला टाकलीय. तू खाऊन घे."

टेबलावर त्याचं स्वतःचं सूप गार होत होतं. मी उठून ते पुन्हा गरम करायला ठेवलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं. पाठीमागे तो बोलतच होता, हळू, मध्येमध्ये थांबत.

"अर्धा चमचा, पोरी. जास्त नको. आता थांब. तिला गिळू दे. थांब अजून."